प्रयोगशाळेत कामगाराला जागा हवी

मीटरच्या अब्जाव्या भागाला नॅनोमीटर म्हणतात. माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाडीचा असतो. पदार्थ इतका सूक्ष्म झाला की त्याचे गुणधर्म पालटतात. नफ्याच्या दृष्टीने हे वरदानच. पण ती भुकटी ज्याच्या श्वासातून आत जाते, त्याच्या फुप्फुसाचे काय?

हा प्रश्न कोणाला सुचलाच नव्हता असे नाही. अमेरिकेच्या २००३ च्या नॅनोतंत्रज्ञान कायद्याने संशोधनाला पैसा देतानाच नैतिक, सामाजिक व पर्यावरणीय विचार संशोधनाशी जोडण्याची आणि नागरिकांचे मत घेण्याची तरतूद केली. पुढे समाजशास्त्रज्ञ प्रयोगशाळांत जाऊन बसू लागले. हाच पदार्थ का, दुसरा का नको, असे ते काम चालू असतानाच विचारीत. उपक्रम स्तुत्य खरा. मात्र विद्वानांच्या या संवादात प्रत्यक्ष पोती भरणारा कामगार अभावानेच दिसला.

ॲस्बेस्टॉसचा इतिहास विसरण्याजोगा नाही. त्याची धूळ घातक असल्याची नोंद ब्रिटनच्या महिला कारखाना-निरीक्षकांनी १८९८ मध्ये केली. तिथे संपूर्ण बंदी आली १९९९ मध्ये. भारतात तर पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी अजूनही नाही. आणि २००८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले की, लांब कार्बन नॅनोनलिका ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखाच दाह निर्माण करतात. २०१३ मध्ये अमेरिकेच्या संशोधनसंस्थेने त्यांच्यासाठी घनमीटर हवेत एक मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचविली. केवळ सुचविली, मालकांवर ती बंधनकारक नव्हे.

भारत सरकारने २००७ मध्ये नॅनो मिशनसाठी पाच वर्षांकरिता १००० कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा जनतेचा. विज्ञानाला विरोध करण्याचा येथे प्रश्नच नाही; समाजवाद्यांनी तो कधी करूही नये. परंतु ॲस्बेस्टॉसचा कर्करोग वीस-तीस वर्षांनी प्रकट होतो. आज या कारखान्यात, उद्या त्या कारखान्यात राबणाऱ्या कंत्राटी कामगाराने तेव्हा कोणत्या मालकाकडे बोट दाखवायचे?

म्हणून सार्वजनिक पैशावरील प्रत्येक प्रकल्पात धुळीच्या परिणामांच्या तपासणीचा खर्च आरंभीच धरला पाहिजे. निधी मंजूर करणाऱ्या समितीवर कामगार संघटनांचे प्रतिनिधी हवेत, आणि कोणी कोणता पदार्थ किती काळ हाताळला याची नोंदवही, कामगार कंत्राटी असला तरी, सक्तीची हवी. कामगार संघटनांनी ही मागणी वेतनाच्या मागणीइतक्याच आग्रहाने आपल्या मागणीपत्रात घातली पाहिजे.