दुसरी सुई राहून गेली



गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या सुनेचा फोन आला. "मावशी, एक चूक झाली. आईंना कसं सांगू?" मी घाबरलेच. निघालं काय, तर सव्वादोन वर्षांच्या नातवाचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहून गेला होता.

आपल्याकडच्या कितीतरी घरांत असं होतं. सासर आदिलाबादला, माहेर पैनगंगेपलीकडे पांढरकवड्याजवळ. बाळंतपण माहेरी, म्हणून पहिल्या सुया यवतमाळ जिल्ह्यात. नऊ महिने झाल्यावरची सुई इकडे तेलंगणात. मग दिवाळीला ती माहेरी गेली आणि कापूस वेचणी होईपर्यंत राहिली. इकडच्या आशाताईंना वाटलं तिकडे दिली असेल, तिकडच्यांना वाटलं इकडे. आणि हिला वाटलं, गोवराची सुई तर आधीच झाली की!

पण सासूला सांगायला ती एवढी का भ्यायली, ते मला ठाऊक होतं.

आमच्या लहानपणी गोवराची सुई मिळत नव्हती. सरकारी लसीकरणात ती १९८५ ला आली. १९७४ मध्ये मी नऊ वर्षांची, बहीण चार वर्षांची. तिच्या अंगावर पुरळ उठलं तशी आजीनं दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, घरात फोडणी बंद केली. "माय आली हाय घरात, गलका करू नका," म्हणायची. बहीण वाचली, पण डाव्या डोळ्यात फूल पडलं. त्या डोळ्यानं तिला आजही फक्त उजेड कळतो.

आजीला दोष देत नाही. आजाऱ्याला वेगळं ठेवण्यात शहाणपण होतंच. पण पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून गोवर पसरत असतो. खोकल्यातून बाहेर पडलेला विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. लस न घेतलेली दहा मुलं आजाऱ्याच्या जवळ आली, तर नऊ जणांना लागण होऊ शकते. डहाळा बांधेपर्यंत उशीर झालेला असायचा. पुढे न्यूमोनिया, जुलाब, कधी मेंदूला सूज. अंगात अ जीवनसत्त्व कमी असेल तर डोळे जायची भीती. ही जुनी गोष्ट समजू नका. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवराची साथ आली आणि लहान मुलं दगावली.

आता ही जोड लस काय करते ते पाहू. एमआरच्या एका सुईत गोवर आणि रुबेला या दोन्हींचे कमजोर केलेले विषाणू असतात. शरीर त्यांना ओळखून ठेवतं. रुबेला मुलांना फारसा त्रास देत नाही. मात्र गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला झाला, तर बाळ बहिरं, मोतीबिंदू घेऊन किंवा हृदयाच्या दोषासह जन्मू शकतं. म्हणून ही लस मुलग्यांनाही हवी. बाहेरून आजार घरी आणणारा भाऊही असू शकतो.

"एवढ्याशा जिवाला दोन लसी एकदम झेपतील का?" असं आजी-आजोबा विचारतात. रांगताना मूल मातीचे हात तोंडात घालतं, तेव्हा याहून कितीतरी जास्त जंतू त्याच्या शरीरात जातात. शिवाय दोन्ही लसी वेगळ्या दिल्या असत्या तर चार वेळा टोचावं लागलं असतं. एकत्र असल्यानं दोनदाच.

मग दुसरा डोस कशाला? नवव्या महिन्यात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती बाळात थोडी उरलेली असते. ती लसीलाही अडवते. त्यामुळे गोवराच्या बाबतीत शंभरातल्या साधारण पंधरा मुलांना पहिल्या डोसानं पुरेसं संरक्षण मिळत नाही. ती पंधरा मुलं कोणती, हे बाहेरून कळत नाही. म्हणून १६ ते २४ महिन्यांत सगळ्यांनाच पुन्हा डोस देतात. गावात गोवर पसरू द्यायचा नसेल तर शंभरातल्या ९५ मुलांचे दोन्ही डोस व्हावे लागतात.

खासगी दवाखान्यातल्या एमएमआरमध्ये गालगुंडाची लस जास्तीची असते. आपले तेलुगू शेजारी ज्याला गवदबिळ्ळलु म्हणतात, तोच आजार. सरकारी वेळापत्रकात ती नाही. हवी असेल तर बालरोगतज्ज्ञांना कार्ड दाखवून ठरवा.

ऑगस्ट २०१७ मध्ये तेलंगणात गोवर-रुबेलाची मोहीम आली, तेव्हा मी शाळेत शिकवत होते. मोबाइलवरचे मेसेज वाचून काही पालकांनी मुलांना घरीच ठेवलं. एमएमआरनं ऑटिझम होतो, ही अफवा १९९८ च्या लॅन्सेटमधल्या एका लेखातून निघाली. तो लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला. लसीनंतर आठवड्या-दीड आठवड्यानं थोडा ताप किंवा बारीक पुरळ येऊ शकतं, ते आपोआप जातं. मुलाची प्रतिकारशक्ती खूप कमी असेल किंवा आधीच्या लसीची मोठी ॲलर्जी आली असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा.

आमच्या नातवाचं काय झालं? डॉक्टर म्हणाले, राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत देता येतो आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी सुई झाली. तो रडला, बिस्कीट मिळताच गप्प झाला. सासूला सुनेनं स्वतःच सांगितलं. बहीण रागावली नाही. कार्ड उजव्या डोळ्याजवळ नेऊन तिनं तारीख दोनदा वाचली आणि म्हणाली, "आता हे माझ्या पेटीत ठेव."

तुम्हीही आज एवढं करा. कार्ड काढा आणि एमआरच्या दोन्ही रकान्यांत तारीख आहे का पाहा. कार्डाचा फोटो नवरा-बायको दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. माहेरी जाताना बाळाच्या कपड्यांबरोबर कार्डही पिशवीत घाला. पैनगंगा ओलांडली तरी सरकारी लस तीच आहे आणि तिकडेही फुकट मिळते. फक्त आधी काय दिलंय, ते तिकडच्या नर्सताईंना कळायला हवं.

पुढच्या अंकात भेटू.