रिकाम्या गोदामातला उजेड

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आली आणि कामाच्या जागी पुरेसा उजेड असण्याची बाब तिच्या कलम 23 मध्ये समाविष्ट झाली. हे घडले ते नेमके खरीप धानाच्या आवकीच्या दिवसांत. पवनी तालुक्यातील कोंढा-कोसरा परिसरात या दिवसांत सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, काट्यापुढची रांग मात्र तेव्हा सरलेली नसते आणि उरलेला माल थप्पीला लावण्याचे काम दिव्यांवर पुढे चालते. त्या दिव्यांचा उजेड नेमका कोठे पडतो, हा प्रश्न गोदामचालक, उपअभिकर्ता संस्था आणि राइस मिलधारक यांनी आता टाळू नये.

कारखाना अधिनियम, 1948 च्या कलम 17 नुसार कामगार जेथे काम करतात किंवा ये-जा करतात तेथे पुरेसा व योग्य उजेड बंधनकारक होता. पण निव्वळ साठवणुकीचे गोदाम बहुधा ‘कारखाना’ या व्याख्येत बसत नसे. नवी संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होते आणि येथेच पळवाट निघते. हजेरीपटावर चौकीदार आणि कारकून एवढीच नावे असतात, तर पोती वाहणारी हमालांची टोळी नगावर काम करत असल्याने तिची मोजदाद कोणाच्याच वहीत होत नाही.

याहून मोठा घोळ पाहणीच्या पद्धतीत आहे. गोदाम भाड्याने घेताना क्षमता, पत्र्याची गळती आणि फरशीची ओल पाहिली जाते, खरेदीच्या वेळी धानातील ओलावा 17 टक्क्यांच्या मर्यादेत आहे की नाही हे यंत्राने मोजले जाते. उजेडाच्या बाबतीत मात्र वीजजोडणी आहे एवढ्यावर समाधान मानले जाते. शिवाय ही पाहणी गोदाम रिकामे असताना आणि भर दिवसा होते. एक चौरस मीटर पृष्ठभागावर एक ल्युमेन प्रकाश पडला की तो एक लक्स मानतात आणि साठवणुकीच्या जागी साधारण 100 ते 200 लक्स उजेड अपेक्षित असतो. रिकाम्या गोदामात मध्यभागी टांगलेले मोजके दिवे हे मान गाठतीलही. पण थप्पी चढत चढत दिव्यांना भिडली की उजेड वरच्या थरावरच अडतो आणि दोन थप्प्यांमधली गल्ली, जेथून माणसे प्रत्यक्ष चालतात, ती अंधारात जाते.

या गल्लीत शिरणाऱ्या हमालाच्या पाठीवर 40 किलोचे पोते असते. लख्ख उन्हातून आत आल्यावर डोळे मंद उजेडाला सरावण्यास काही मिनिटे लागतात आणि पूर्ण सरावण्यास वीस ते तीस मिनिटे. हमालाची फेरी त्याआधीच संपते. ओझ्याने मान वाकल्यामुळे त्याला पुढची हातभर जमीनच दिसते आणि तेथेच डनेजचे, म्हणजे पोत्यांना ओल लागू नये म्हणून खाली घातलेल्या लाकडी चौकटीचे, टोक बाहेर आलेले असते, सांडलेल्या धानाने फरशी निसरडी झालेली असते. उंदरांमागे शिरलेला नाग किंवा मण्यार दिसत नाही, झुकू लागलेली थप्पी दिसत नाही, धुरीकरण चालू असल्याची पाटी वाचता येत नाही. अपघात झालाच तर ‘तोल गेला’ अशी नोंद होते. उजेड नव्हता, असे कोणी लिहीत नाही.

उपाय आवाक्यातले आहेत. दिवे गल्ल्यांच्या रेषेत लावावेत. धान्याची धूळ पेट घेणारी असल्याने उघडे बल्ब टाळून आयपी 65 दर्जाचे बंद दिवे घ्यावेत; यातील 6 हा अंक धुळीला पूर्ण अटकाव आणि 5 हा अंक पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण दर्शवतो. धुरीकरणाच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फीन वायू तांबे गंजवतो, म्हणून प्रत्येक धुरीकरणानंतर गोदाम पूर्ण हवेशीर करून तारांचे जोड तपासावेत. छतातील पारदर्शक पत्रे हंगामापूर्वी धुवावेत, भिंतींना चुना द्यावा आणि वीज गेल्यास वाट दिसावी म्हणून बॅटरीवरचा दिवा ठेवावा.

अधिकाऱ्यांनी यापुढे पाहणी भरलेल्या गोदामात, सूर्यास्तानंतर, गल्लीतल्या जमिनीलगत लक्समापक धरून करावी. भाडे मालक घेतो, माल संस्थेकडे असतो, टोळी कंत्राटदार आणतो, मग दिवा कोणी लावायचा, ही चर्चा अनेक हंगाम चालली आणि आता ती थांबली पाहिजे. ज्याच्या हाती गोदामाची किल्ली, त्याच्यावर उजेडाची जबाबदारी. प्रत्येक गोदामचालकाने धुरीकरण चालू नसल्याची खात्री करून आजच अंधार पडल्यावर सर्वांत आतल्या गल्लीत जावे आणि पोत्यावरचा शिक्का वाचता येतो का ते पाहावे. वाचता येत नसेल, तर तेथे दिवा लागेपर्यंत एकही पोते चढवू देऊ नये.