‘दुर्मिळ’ या शब्दाआडची बेपर्वाई

क्षय आणि कुपोषण हटेपर्यंत दुर्मिळ रोगांची चर्चा ही सुखवस्तूंची चैन होय, असा युक्तिवाद आपल्याच एका जुन्या सहकाऱ्याने अलीकडे माझ्याजवळ केला. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. त्यांच्या अर्थशास्त्राविषयी मात्र आहे.

विल्सनचा विकार घ्या. १९१२ साली किनियर विल्सन यांनी त्याचे वर्णन केले. अन्नातील जादा तांबे बाहेर टाकण्याची यकृताची शक्ती जन्मतःच सदोष असल्याने ते प्रथम यकृतात आणि पुढे मेंदूत साचते. साधारणतः ३०,००० माणसांत एकाला हा विकार होतो. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन पुढे आणले, तोवर तो बहुधा प्राणघातकच ठरे. आज वेळीच उपचार सुरू झाले आणि ते आयुष्यभर चालू राहिले, तर रुग्ण जवळजवळ सर्वसामान्य आयुष्य जगतो. (पेनिसिलामाइनने आरंभी लक्षणे बळावूही शकतात, म्हणून तज्ज्ञांची देखरेख हवीच.) विलंब झाला की मेंदूची हानी पुष्कळदा भरून येत नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याचे अक्षर वर्षभरात बिघडत गेले. बोलणे अडखळू लागले, स्वभाव चिडखोर झाला. मी त्याला आळशी ठरवून गुण कापले. घरच्यांनी देवऋषी गाठला. नंतर मनोरुग्ण म्हणून औषधे झाली. निदान झाले तेव्हा त्याला पेला धरवत नव्हता. या पापात माझाही वाटा आहे, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

या निदानाला लागते काय? मेंदूची लक्षणे असलेल्या बहुतेक रुग्णांत डोळ्याच्या पारदर्शक पटलाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडे दिसते. ते पाहण्यास नेत्रतज्ज्ञाचा स्लिट लॅम्प पुरतो. त्याच्या जोडीला रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन आणि चोवीस तासांच्या लघवीतील तांबे मोजावे लागते. क्षयासाठी राखलेला पैसा यात कोठे बुडतो? उलट, एक तरुण जन्माचा परावलंबी झाला की त्याच्याबरोबर त्याच्या आईचीही मजुरी बुडते, आणि तो खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

‘दुर्मिळ’ हा मुळात बाजाराचा शब्द आहे. गिऱ्हाईक थोडे, म्हणून एक तर माल नाही, किंवा अडवून किंमत! अमेरिकेत याच विकारावरील ट्रायेन्टीन या जुन्या औषधाच्या शंभर कॅप्सूलांची किंमत व्हॅलिअंट कंपनीने २०१० नंतरच्या पाच वर्षांत सुमारे ६५० डॉलरांवरून २१,००० डॉलरांपलीकडे नेली. शासनाने तरी या बाजाराची भाषा बोलू नये. २०२१ च्या राष्ट्रीय धोरणातील साहाय्याची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाख रुपयांपर्यंत वाढवली गेली, हे स्वागतार्हच. परंतु ते साहाय्य मिळते निवडक मोठ्या केंद्रांत. रोगाचे नावच न कळलेला तालुक्यातला मुलगा तेथवर पोचणार कसा?

कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन स्लिट लॅम्प चालू आहे की नाही, रक्ताचे नमुने कोठे पाठवतात आणि अहवाल किती दिवसांनी येतो, हे लेखी विचारावे. आणखी एक प्रश्न विसरू नये: रुग्ण सापडल्यावर त्याच्या भावंडांची तपासणी होते काय? प्रत्येक सख्ख्या भावंडाला हा विकार असण्याचा संभव २५ टक्के असतो. माझ्या विद्यार्थ्याच्या धाकट्या बहिणीला कोणीही तपासणीस बोलावले नव्हते.