वरचे दूध : डबा केव्हा बंद करावा?

बार्शीहून एका भगिनींचे पत्र आले आहे. नातू आठ महिन्यांचा. आईचे दूध पुरेना म्हणून तिसऱ्या महिन्यापासून डब्याच्या दुधावर आहे. घरात दोन तट पडले आहेत. आजेसासूबाई म्हणतात, 'आमची सात पोरे गाईच्या दुधावर वाढली, तेव्हा डबे कोणी पाहिले होते?' सूनबाई म्हणते, 'डॉक्टरांनी वर्ष पुरे होईपर्यंत थांबायला सांगितले आहे.' दुकान सांभाळणारे यजमान डब्याची किंमत पाहतात आणि काहीच बोलत नाहीत. भगिनींनी शेवटी लिहिले आहे, 'आपण हिशेबी गृहस्थ; आपले मत कळवावे.'

वैद्यकीय मत देण्याचा अधिकार मला नाही. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि आयुष्य बँकेत गेले. तरीही हे पत्र मी बाजूला ठेवू शकलो नाही, कारण नेमका हाच हिशेब मी एकदा माझ्या घरात मांडला होता आणि तो चुकला होता.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच निवृत्त झालो होतो. नात चार महिन्यांची असताना सूनबाईंच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर दूध हळूहळू आटले आणि बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने डबा सुरू झाला. चारशे ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपे. म्हणजे महिन्याला सात-आठ डबे, साडेतीन हजारांच्या आसपास खर्च. मार्केट यार्डातील आमच्या दुकानाला ते वर्ष मंदीचे गेले होते. निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो. मी वही काढली, रेघ मारली, एका बाजूला डबा लिहिला आणि दुसऱ्या बाजूला गवळ्याचे गाईचे दूध. महिन्याला सतराशे-अठराशे रुपयांची बचत दिसली. सौभाग्यवतींचा कल आधीपासूनच गाईच्या दुधाकडे होता. सातवा महिना लागला, उष्टावण झाले आणि त्याच आठवड्यात डबा बंद झाला. सूनबाई काही बोलल्या नाहीत. त्या काळात त्या अशक्त होत्या आणि त्यांचे पती, म्हणजे माझे चिरंजीव, माझ्या वहीपुढे बोलत नसत.

मूल वरून गुटगुटीत दिसत होते. दिवसाला लिटरभर दूध पीत असे. वरणभात भरवायला गेले की तोंड फिरवी, आणि आम्ही कौतुकाने म्हणत असू की हिला दूधच आवडते. अकराव्या महिन्यात तिला भिंतीचे पोपडे खरवडून तोंडात घालताना सौभाग्यवतींनी पाहिले. रांगणे मंदावले होते, चिडचिड वाढली होती, ओठांचा रंग उतरला होता. तिचा गोरेपणा म्हणून आम्ही ज्याचे कौतुक केले, तो फिकेपणा होता. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ७.९ निघाले. या वयात ते साधारण ११ असावे.

डॉक्टरांनी विचारले, 'डबा कोणी बंद केला?' मी सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी कागद पुढे ओढला आणि मला माझ्याच भाषेत समजावले. 'आजोबा, मूल जन्माला येते तेव्हा आईकडून लोहाची आरंभीची शिल्लक घेऊन येते. ती सहा महिन्यांच्या सुमारास संपत येते. पुढे रोजची जमा बाहेरून व्हावी लागते. तुम्ही नेमक्या त्याच महिन्यात जमेची बाजू बंद केलीत.'

त्या दिवशी ऐकलेले आणि नंतर वाचून ताडून पाहिलेले जे आहे, ते भगिनींसाठी लिहितो.

लिटरभर गाईच्या दुधात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असते. आईच्या दुधातही लोह थोडेच असते. पण त्याचा मोठा भाग बाळाच्या अंगी लागतो, गाईच्या दुधातील लागत नाही. उलट गाईच्या दुधातील कॅल्शियम आणि केसीन ही प्रथिने इतर अन्नातील लोहालाही आडवी येतात. शिवाय वर्षाच्या आतील काही बाळांच्या आतड्यांतून या दुधामुळे डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होतो. तो रोज थेंबाथेंबाचा असतो, पण महिनोन्‌महिने चालतो. म्हणजे जमा नाही, आणि खर्च मात्र चालू. डब्याच्या दुधात लोह मुद्दाम मिसळलेले असते.

दुसरी बाब प्रथिनांची. आईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १ ग्रॅम प्रथिने असतात, गाईच्या दुधात सुमारे ३.२ आणि म्हशीच्या दुधात ४ च्या आसपास. अधिक म्हणजे चांगले, अशी आपली व्यापारी समजूत. परंतु प्रथिने आणि क्षार यांचे जे उरते, ते मूत्रपिंडांना लघवीवाटे बाहेर टाकावे लागते, आणि लहान बाळाची मूत्रपिंडे त्या कामाला अजून कच्ची असतात. उन्हाळ्यात किंवा जुलाबात हे अधिक बाधते. वासरू दोन महिन्यांत जेवढे वाढते, तेवढे वाढण्याची आपल्या बाळाला घाई नाही.

आजेसासूबाईंच्या सात मुलांबद्दल मी काय लिहू? आमच्या आईनेही आम्हा भावंडांना निम्मे दूध, निम्मे पाणी आणि चिमूटभर साखर घालून बोंडल्याने पाजले. आम्ही वाढलो. किती जणांचे रक्त कमी होते, हे तेव्हा कोणी मोजले नाही, एवढेच. आज मोजतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला; महाराष्ट्रात ६८.९ टक्के. हा केवळ गरिबांच्या झोपडीतील प्रश्न आहे असे मी समजत होतो, तोवर तो माझ्या दिवाणखान्यात रांगत होता. दुधात पाणी घातल्याने प्रथिने पातळ होतात हे खरे. पण बाळाला लागणारी ताकदही पातळ होते आणि लोह तर मुळातच नसते.

म्हणून आपल्या डॉक्टरांचे सांगणे असे की, आईचे दूध नसेल तर वर्ष पूर्ण होईपर्यंत डबा चालू ठेवावा. सचोटीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांत सहा ते अकरा महिन्यांच्या, आईचे दूध न मिळणाऱ्या बाळांना डब्याचे किंवा जनावराचे, कोणतेही दूध चालेल असे म्हटले आहे. तेव्हा ज्या घराला डबा खरोखरच परवडत नाही, त्याने अपराध्यासारखे वाटून घेऊ नये. मात्र मग लोहाची सोय अन्नातून आणि औषधातून काटेकोरपणे करावी लागते, आणि ती डॉक्टरांना विचारूनच. आमच्या घराला डबा परवडत होता. मला तो परवडून घ्यायचा नव्हता.

डबा वाचवण्याचे आणखी दोन प्रकार मी आपल्या घरांत पाहिले आहेत. एक, तीन मापांच्या ठिकाणी दोन मापे भुकटी घालून पाणी तेवढेच ठेवणे. यात बाळ उपाशी राहते, आणि जास्तीचे पाणी लहान बाळाच्या जिवावरही बेतू शकते. दुसरा प्रकार उलटा : 'ताकद यावी' म्हणून भुकटी पाण्याऐवजी गाईच्या दुधात कालवणे. ते इतके घट्ट होते की वर सांगितलेला मूत्रपिंडांवरील भार दुपटीने वाढतो. डब्यावर जे प्रमाण छापलेले असते, ते तंतोतंत पाळावे. माप डब्यातलेच वापरावे आणि पाणी उकळून घेतलेले असावे.

वाढदिवस झाला की काय करायचे? डबा एका दिवसात बंद केला तरी अपाय नाही, पण चवीमुळे मुले हटून बसतात. आमच्या नातीचा भाऊ दोन वर्षांनी आला, तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. वर्षानंतर त्याच्या तयार केलेल्या डब्याच्या दुधात आधी पाव भाग उकळलेले दूध मिसळले, तीन-चार दिवसांनी निम्मे, मग पाऊण. दोन आठवड्यांत डबा कपाटातून गेला. दूध पिशवीचे असो वा गवळ्याचे, उकळूनच द्यावे. 'धारोष्ण' दुधाचे कौतुक पुस्तकात ठेवावे. कच्च्या दुधातून क्षयाचे आणि इतरही रोगजंतू येतात. पिशवी घेताना रंगावर न जाता छापलेले वाचावे. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के असतो, डबल टोन्डमध्ये १.५ आणि फुल क्रीममध्ये ६. दोन वर्षांपर्यंत मुलाच्या मेंदूच्या वाढीला स्निग्धांश लागतो. सासऱ्यांच्या हृदयासाठी आणलेले डबल टोन्ड नातवाच्या पेल्यात ओतू नये. म्हशीचे दूध वर्षानंतर चालते. जड पडले तर डॉक्टरांना विचारावे. शेळीच्या दुधात फोलिक आम्ल फारच कमी असते, त्यावर मूल पोसू नये. हल्ली काही तरुण दांपत्ये अहिंसेच्या विचाराने दूधच सोडतात आणि मुलाला बदामाचे किंवा तांदळाचे पेय देतात. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे; पण त्या पेयांत प्रथिने नाममात्र असतात, ती दुधाची जागा घेत नाहीत. अशा घरांनी आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

आणि किती द्यावे? आमची खरी चूक येथेही होती. वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर पुरे; दही, खीर, पनीर हेही त्यातच धरावे. त्याहून अधिक दूध पोटात गेले की भाकरीला, वरणाला जागा राहत नाही. आता लोह देणारे अन्न हेच मुख्य आणि दूध जोडीला. आपल्या शाकाहारी घरांत याकडे अधिक लक्ष हवे, कारण धान्य-डाळींतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. मऊ शिजवलेली मसूर, मूग, हरभऱ्याचे पीठ, पालेभाजी, आणि त्यावर लिंबाचे चार थेंब. आंबटातील क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असणाऱ्या घरांनी डाळींचे आणि लिंबू-आवळ्याचे प्रमाण वाढवावे. चहात बिस्किट बुडवून मुलाला देण्याची पद्धत मात्र आजोबांनी स्वतःहून सोडावी. चहा लोहाचा वैरी आहे. (हे मी स्वतः करीत असे.)

सरकारच्या अॅनिमिया मुक्त भारत योजनेत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोह-फोलिक आम्लाचे पातळ औषध देतात. आशाताई ते घरोघर देतात. आपल्या वसाहतींत त्यांना 'आमच्याकडे नको' म्हणून दारातूनच परत पाठवले जाते, हे मी पाहिले आहे.

आपल्यापैकी अनेकांची औषधाची आणि किराण्याची दुकाने आहेत, म्हणून एक व्यावहारिक गोष्ट. १९९२ चा बालदुग्ध पर्यायांसंबंधीचा कायदा, २००३ च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांखालील बाळांच्या डब्यांची जाहिरात करू देत नाही. त्यांवर भेटवस्तू, सवलत किंवा नमुना देणे गुन्हा आहे. डब्यावर आईचे दूध सर्वोत्तम असल्याची सूचना असणे बंधनकारक आहे. 'दोन डब्यांवर वाटी फुकट' अशी पाटी दुकानात कोणी विक्रेता लावून गेला असेल, तर ती आजच काढावी. आणि वर्षानंतरच्या मुलांसाठी निराळे डबे विकले जातात, त्यांची गरज नाही. वर उल्लेखलेल्या २०२३ च्या सूत्रांतही ते देऊ नयेत असेच म्हटले आहे. तेथे मात्र बचत खुशाल करावी.

नातीला तीन महिने लोहाचे थेंब दिले. पहिल्याच आठवड्यात शी काळी झाली आणि सौभाग्यवती घाबरून रडू लागल्या; ते औषधामुळे होते, हे आम्हाला कोणी आधी सांगितले नव्हते. दूध निम्म्याहून कमी केले, बाटली काढून पेला दिला. पहिले पंधरा दिवस घरात रात्रंदिवस रडारड होती. दुसऱ्या महिन्यात तिने मुगाची खिचडी स्वतःहून मागितली. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२ आले. डॉक्टरांनी थेंब आणखी काही आठवडे चालू ठेवले, कारण शिल्लकही भरून यावी लागते.

ती आता पहिलीत आहे. चालायला थोडी उशिरा लागली. त्यापलीकडे आज काही जाणवत नाही. या वयातील लोहाची कमतरता मेंदूच्या वाढीवर परिणाम करते, हे मी नंतर वाचले, आणि त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या वहीतील ते पान मी अजून फाडलेले नाही. चार महिन्यांची बचत सात हजार रुपये लिहिलेली आहे. त्याखाली तपासण्या, औषधे आणि डॉक्टरांच्या फेऱ्या यांचा खर्च सूनबाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवला आहे. मी तो कधी बेरजेत घेतला नाही, आणि त्यांनीही कधी विचारले नाही.

बार्शीच्या भगिनींना विनंती, डबा अजून चार महिने चालू द्या. उष्टावण झाले असेल, तर आजेसासूबाईंच्या हातानेच बाळाला मऊ वरणभात लिंबू पिळून भरवायला सांगा. त्यांची सात मुलांची सवय तेथे कामी येईल. आणि नवव्या महिन्याच्या लसीला जाल, तेव्हा डॉक्टरांना हिमोग्लोबिनचे अवश्य विचारा.