चौदाव्या वर्षी भूक संपते का?

हिंगोली जिल्ह्यातल्या पालकांनो, शिक्षकांनो, प्रत्येक वर्गात एक मुलगी 'काडी' असते आणि एक मुलगा 'ढोल्या'. त्यांची खरी नावे हजेरीपटापुरतीच उरतात. आपण हे रोज ऐकतो आणि सोडून देतो. म्हणूनच हे मुद्दे.

१. वजन म्हणजे नुसते दिसणे नव्हे. मुलांच्या जगण्याचा दर्जा तपासताना डॉक्टर चार गोष्टी पाहतात : शरीर साथ देते का, मन स्वस्थ आहे का, सवंगड्यांत मिसळता येते का, शाळेत लक्ष लागते का. अमेरिकेत सॅन दिएगोच्या डॉक्टरांनी १०६ अतिलठ्ठ मुलांना हेच विचारले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उत्तरे कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या मुलांइतकीच खालावलेली निघाली. आणि किडकिडीत मुलीचे काय? उपाशीपोटी पायी शाळेत येऊन दुसऱ्याच तासाला बाकावर डोके टेकणारी मुलगी आपल्याकडे 'आळशी' ठरते. तिची भूक आपण तिच्या स्वभावावर ढकलतो.

२. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातली १० ते १९ वयाची २४ टक्के मुलेमुली वयाच्या मानाने कृश आढळली, तर ५ टक्के जादा वजनाची. शाळेच्या फाटकाबाहेर मिळणारा पाच रुपयांचा चटपटीत पुडा दोघांच्याही हातात असतो. त्याने पोट भरते, अंग भरत नाही.

३. आता खरा प्रश्न. सहावी ते आठवीच्या मुलाला शाळेत दुपारी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे. नववीत पाऊल टाकले की ती थाळी बंद! अंग झपाट्याने वाढते, हाडे भरतात, मुलींची पाळी नुकतीच सुरू झालेली असते, आणि नेमके त्याच वेळी सरकार हात आखडते. चौदाव्या वर्षी भूक संपते, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? १४ ते १८ वयाच्या मुलींसाठी पोषण आहाराची केंद्राची योजना आहे, पण महाराष्ट्रात ती फक्त 'आकांक्षित', म्हणजे केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांत. त्या यादीत शेजारचे वाशीम आहे, हिंगोली नाही. पैनगंगेच्या अलीकडची मुलगी पलीकडच्या मुलीपेक्षा कमी भुकेली असते काय? जिल्ह्याची हद्द पाहून घास वाढणे हा अन्याय आहे.

४. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला. लोकवर्गणीतून द्या, म्हणे. ज्या गावात वर्गणी जमत नाही, अंड्याची गरज तिथेच सर्वांत जास्त आहे.

५. १ मे १९९९ रोजी ज्या परभणीतून आपला जिल्हा वेगळा झाला, तिथे २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. हिंगोलीचे चित्र त्याहून फार निराळे आहे, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात, मोठी मुलगी फडावर भावंडे सांभाळते, शाळा सुटते आणि मग 'जबाबदारी नको' म्हणून तिचे लग्न उरकले जाते. स्वतःचेच अंग न भरलेली पोर आई होते, तेव्हा तिचे बाळही कमी वजनाचेच जन्मण्याची भीती असते. हा दोष नशिबाचा नाही, आपला आहे.

६. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, वजन-उंची लिहून नेते. पुढे तो कागद वाचतो कोण? मोंढ्यात हळदीच्या पोत्याचे वजन आपण दोनदा पाहतो, किलोभर फरक पडला तर भांडतो. पोराच्या वजनासाठी कधी भांडलो? म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव मांडू या : वजन आडोशाला घ्यावे, आकडा वर्गात ओरडून सांगू नये, तो पालकांच्या हाती द्यावा, कृश आणि जादा वजनाच्या मुलांची तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी व्हावी, लोहाची निळी गोळी दर आठवड्याला शिक्षकांसमोर, जेवणानंतर दिली जावी, आणि नववी-दहावीच्या थाळीसाठी जिल्हा परिषदेने स्वतःच्या अंदाजपत्रकात तरतूद करावी. ठरावाची प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.