पेशींचा संधि

मेहकरास आमच्या शेजारीं गेल्या श्रावणांत एक बालक जन्मास आलें. त्याच्या पाठीच्या कण्यांत खालच्या बाजूस फट राहिली होती. शस्त्रक्रियेकरितां त्यास लागलीच परगांवीं न्यावें लागलें. ओटीवर जमलेल्या वडील मंडळींनीं कारण तेव्हांच ठरविलें: सुनेनें ग्रहणांत विळी हातीं धरली असावी. आम्हींही मान डोलाविली, हें लिहितांना लाज वाटते. ती मुलगी आमची एके काळची विद्यार्थिनी. परत आल्यावर तिनें विचारलें, "गुरुजी, खरेंच का हें माझ्या हातून झालें?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्ही मॅट्रिक झालेले संस्कृतचे मास्तर. जीवशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरी त्या प्रश्नापायीं दोन महिने पुस्तकें चाळलीं, जाणत्यांस विचारलें, आणि जें कळलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यांत त्याच्या पाठीवर पेशींची एक चपटी पट्टी दिसूं लागते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात व जुळतात; सुरळीची वडी गुंडाळावी तशी नळी होते. वरच्या टोंकापासून मेंदू व खालच्या भागापासून मज्जारज्जु बनतो. हें जुळण्याचें काम गर्भधारणेपासून सुमारें २८ दिवसांत आटोपतें. खालीं कडा जुळल्या नाहींत तर शेजारच्या बाळासारखी फट राहते; वर जुळल्या नाहींत तर मेंदूच नीट घडत नाहीं.

पेशी पेशीस ओळखते कशी? सन १९०७ मध्यें विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञानें जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडांतून पिळून काढला; सुट्या झालेल्या पेशी पुन्हां एकत्र आल्या व त्यांचा स्पंज झाला. १९५५ त टाउन्स व होल्टफ्रेटर यांनीं उभयचर प्राण्यांच्या गर्भांतील त्वचेच्या व मज्जेच्या पेशी कालवून ठेविल्या. त्या आपोआप निवडल्या गेल्या, त्वचा बाहेर आणि मज्जा आंत. पुढें जपानांत क्योटो येथें ताकेइची यांनीं पेशींच्या अंगावरील चिकटणाऱ्या प्रथिनांचा शोध लाविला. त्यांस कॅडहेरिन म्हणतात. कॅल्शियम नसेल तर तीं चिकटत नाहींत.

संधि शिकवितांना आम्ही सांगत असूं कीं, दोन समान स्वर शेजारीं आले म्हणजे मिळून एक दीर्घ स्वर होतो. 'विद्या' व 'आलय' मिळून 'विद्यालय'. कॅडहेरिनचा न्याय बराचसा असाच आहे. एका पेशीवरील रेणू समोरच्या पेशीवरील आपल्याच जातीच्या रेणूस धरतो. प्रारंभीं त्या पट्टीवरील पेशींवर 'ई' जातीचें कॅडहेरिन असतें. नळी बनतांना तिच्या पेशी तें सोडून 'एन' जातीचें धारण करितात. त्वचेशीं त्यांचें सूत तुटतें, नळी आंत जाते आणि वर त्वचा मिटते.

परंतु संधीबरोबर विग्रहही हवा. मज्जापेशींस पुढें दूरवर प्रवास करावयाचा असतो. 'एन्‌-कॅम' नामक रेणूवर शर्करेच्या लांब साखळ्या चढतात तेव्हां पकड ढिली होते आणि पेशीस सरकतां येतें. 'एल्‌-वन' नांवाचा रेणू मज्जातंतूंच्या वाढीस साह्य करितो. त्याच्या जनुकांत दोष असल्यास मुलाच्या डोक्यांत पाणी सांचूं शकतें. अशा घडणीचा अभ्यास आपल्याकडेही चालतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत डॉ. शुभा टोळे यांनीं गर्भाच्या मेंदूंत कोणती पेशी काय होणार हें कोणत्या जनुकांनीं ठरतें यावर संशोधन केलें. त्याबद्दल २०१४ सालीं त्यांस इन्फोसिस पारितोषिक मिळालें.

आतां मुलीच्या प्रश्नाकडे. नळी न मिटण्याचीं कारणें अनेक: आनुवंशिकता, फॉलिक आम्लाची उणीव, मातेचा मधुमेह, अपस्माराचीं कांहीं औषधें. त्या यादींत विळी नाहीं, ग्रहणही नाहीं. १९९१ त ब्रिटनच्या पुढाकारानें झालेली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. पूर्वीं असें मूल झालेल्या स्त्रियांनीं गर्भधारणेपूर्वींपासून फॉलिक आम्ल घेतलें असतां हा दोष पुन्हां होण्याचें प्रमाण शेंकडा ७२ नें घटलें. 'पूर्वींपासून' हा शब्द महत्त्वाचा; कारण दिवस गेल्याची खात्री होईपर्यंत नळीचें काम बहुधा उरकत आलेलें असतें. सामान्यतः दररोज ४०० मायक्रोग्रॅम सांगतात. पूर्वीं असें मूल झालेल्या स्त्रीस मात्रा पुष्कळ अधिक लागते. ती वैद्यकीय सल्ल्यानेंच घ्यावी.

हें सर्व आम्हीं त्या मुलीस जाऊन सांगितलें, आणि ओटीवर मान डोलाविल्याबद्दल क्षमाही मागितली. ती कांहीं बोलली नाहीं. थोड्या वेळानें गोळीचें नांव मात्र तिनें कागदावर लिहून घेतलें. ज्यांच्या घरीं नवी सून आली असेल त्या वडील मंडळींस आमची विनंती एवढीच: ग्रहणाचे नियम सांगण्याऐवजीं तिला ही गोळी वेळेवर सांगावी.