जुन्या कारागिराला डावलू नका

जालना जिल्ह्यातील लोखंडाचे, बियाण्यांचे व मोसंबीचे अनेक व्यापारी आज वेबसाइट बाळगून आहेत. २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून परगावचा खरेदीदार हे नाव लिहून माल शोधू शकतो. तो आपल्याच दुकानाशी यावा म्हणून मालक साइट सुधारायला दुसरा जाणकार बोलावतो. घोटाळा येथूनच सुरू होतो.

नवा माणूस आला की पहिले वाक्य ठरलेले : ‘हे सगळे चुकले आहे, नव्याने करू.’ (नव्या गवंड्याला जुनी भिंत कधी सरळ दिसली आहे?) आमचे मत असे की, मूळ साइट करणाऱ्याला बोलावल्याशिवाय एकही पान हलवू नये. चौकशीचा फॉर्म कोणत्या ईमेलवर जातो, कोणते पान गुगलवर वर येते, हे त्यालाच ठाऊक असते. पानांचे पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वाट करून दिली नाही, तर गिऱ्हाईक रिकाम्या पानावर पोहोचते. वर्षांची कमाई जाते.

दोघांना समोरासमोर बसवावे. रंगरूप व दुरुस्ती जुन्याकडे, मजकूर व शोधाची बाजू नव्याकडे, अशी वाटणी कागदावर लिहावी. जुन्याच्या बैठकीचेही पैसे द्यावेत. तो बहुधा ओळखीतलाच मुलगा असतो, म्हणून फुकट राबवायचा, ही रीत आम्हाला पसंत नाही. कामाआधी संपूर्ण साइटची नक्कल काढावी, बदल आधी नकलेवर करून पाहावेत. प्रत्येकाला वेगळे खाते द्यावे, म्हणजे काम संपताच ते बंद करता येते.

एका बाबतीत मात्र भीड नको. साइटचे नाव, म्हणजे डोमेन, मालकाच्याच नावावर व मालकाच्याच ईमेलवर हवे. ते एका वेळी १ ते १० वर्षांसाठी नोंदवता येते. मुदत चुकली तर हातचे जाते. कारागिराने ते स्वतःच्या नावावर घेतले असेल तर आधी बदलून घ्यावे, मगच दुसऱ्याला बोलावावे. भांडण झाल्यावर मागितलेली किल्ली सहजी मिळत नाही.

आणि आंबिया बहाराची मोसंबी बाजारात असताना हे काम काढू नये. फोन वाजण्याच्या दिवसांत साइट बंद पडली तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील, आणि तोवर माल दुसऱ्या आडतीवर गेलेला असेल.